सोय जाणेल तो सोयरा: रीजन्सी काळातल्या सोयीच्या लग्नाची प्रेमकथा कशी रचावी

१७९५ सालच्या एप्रिलची पाच तारीख. लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात इंग्लंडचा युवराज जॉर्ज आपल्या होणाऱ्या बायकोला, ब्रन्स्विकच्या कॅरोलाइनला, पहिल्यांदाच भेटला. रीतीप्रमाणे तिला जवळ घेतलं, लगेच पाठ फिरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिला घेऊन आलेल्या लॉर्ड माम्सबरींना म्हणाला, मला बरं वाटत नाही, एक ग्लास ब्रँडी आणवा. नवरीही काही कमी नव्हती. माणूस फारच लठ्ठ आहे आणि चित्रात होता तसा मुळीच देखणा नाही, असं बोलून ती मोकळी झाली. तीन दिवसांनी दोघांचं लग्न लागलं. नवरदेवावर तेव्हा सहा लाख पौंडांहून जास्त कर्ज होतं. लग्न केलं तर संसद त्या कर्जाची काहीतरी वाट लावेल, एवढ्याच आशेवर तो उभा राहिला होता.

हाच जॉर्ज पुढे, वडिलांना वेड लागल्यावर, १८११ च्या फेब्रुवारीत रीजंट झाला, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार पाहू लागला. १८२० च्या जानेवारीत म्हातारा राजा वारला. मधल्या या नऊ वर्षांना रीजन्सी म्हणतात. ‘आधी सोय म्हणून लग्न, मग प्रेम’ या इंग्रजी वाचकांच्या लाडक्या कथाप्रकाराला नेमक्या याच गृहस्थाच्या काळाचं नाव मिळावं, याचं मला दर वेळी हसू येतं.

हल्ली मराठीतही अशा कथा लिहायची हौस अनेकांना आहे. मी स्वतः दोन कथामालिका लिहिल्या, एक फसली, आणि ओळखीतल्या मुलींचे बरेच खर्डे वाचले. सगळ्यात पहिली अडचण इंग्रजीत नाही, ती आपल्याच घरात आहे. माझ्या आजीला अशी कथा सांगितली तर ती विचारेल, यात कथा कुठे आहे? आधी लग्न आणि मग जमलं तर प्रेम, ही तिच्यासाठी रीतच होती. रीजन्सीच्या इंग्लंडात मात्र मुलामुलीनं एकमेकांना पसंत करावं, मनानं ओढले जावेत, ही कल्पना वरच्या वर्गातही बरीच रुजली होती. पैसा, घराणं सगळं पाहायचं, पण तोंडानं म्हणायचं ‘जीव जडला’. म्हणून उघडपणे सोयीसाठी लग्न करणं हा त्यांच्या लेखी रोकडा व्यवहार, आणि थोडी हारही. कथेतला ताण तिथे आहे. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच: प्रेम लिहायला बसण्याआधी व्यवहार लिहा, अगदी पै-पैसकट.

आधी साल ठरवा

‘रीजन्सी’ हे लेबल फार सैल झालंय. या प्रकाराचा पाया घालणाऱ्या जॉर्जेट हेयर यांची सोयीच्या लग्नावरची १९३४ ची गाजलेली कादंबरीसुद्धा घडते १७७६ मध्ये. हेयरबाईंना ते शोभतं. तुम्ही मात्र एक साल पक्कं करा आणि त्याच्या आगेमागे दीड वर्षापलीकडे जाऊ नका, कारण प्रत्येक साल वेगळी अडचण पदरात टाकतं.

१८१४ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावर हद्दपार, लंडनमध्ये मेजवान्या आणि रणांगणावरून परतलेले अर्ध्या पगारावरचे अधिकारी. १८१५ च्या जूनमध्ये, १८ तारखेला वॉटर्लू. मोठा भाऊ तिथे पडला आणि धाकट्याच्या गळ्यात किताब, कर्ज आणि भावाची वाग्दत्त वधू एकदम आली, अशी सुरुवात शंभरांनी केली असेल. तरी ती चालते.

माझं आवडतं साल १८१६. युद्धाच्या काळात धान्याला भाव होता, तेव्हा जमीनदारांनी त्या भरवशावर कर्जं काढली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कुळांनी खंड थकवला, गावोगावच्या पेढ्या बुडाल्या. त्यात १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्यामुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही, थंडी-पावसानं पिकं गेली. कर्जात बुडालेला उमराव आणि भिजलेला जुलै महिना, दोन्ही एकाच सालात आयते मिळतात. नायक-नायिकेला घरात कोंडायला बर्फाचं वादळ आणायची गरजच उरत नाही.

आणि १८१७. मराठी लिहिणाऱ्याला हे साल सोडवत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ च्या दुपारी खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि इंग्रज भिडले. त्याच दिवशी रात्री इंग्लंडात, सरे परगण्यातल्या क्लेअरमाँट इथे, ब्रँडीवाल्या जॉर्जची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंत झाली. मुलगा मृत जन्मला आणि ६ तारखेच्या पहाटे तीही गेली. तुमच्या नायकाचा धाकटा भाऊ कंपनीच्या पलटणीत पुण्याजवळ असेल, तर त्याचं पत्र घरी यायला कित्येक महिने लागणार. घरी शोक शार्लटचा चालू, आणि आपला माणूस जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही. हे महिने कथेत वापरता येतात.

अडचण अशी हवी की पळवाट नको

नव्या लेखकाच्या खर्ड्यात हमखास सापडणारं वाक्य: ‘आजोबांच्या मृत्युपत्रात अट होती, तिशीच्या आत लग्न केलं नाहीस तर ड्यूकचा किताब चुलतभावाला जाईल.’ असं होऊ शकत नाही. किताब मृत्युपत्रानं देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. तो राजाच्या सनदेत लिहिल्याप्रमाणे औरस वारसाकडेच जातो, बहुधा पुरुष वारसाकडे. किताबाबरोबरची मूळ इस्टेटही बहुधा करारानं बांधलेली असते. हयात मालक तिचा जणू वहिवाटदार, त्याला ती विकता येत नाही आणि रागाच्या भरात पुतण्याला लिहून देता येत नाही. मृत्युपत्राची सत्ता चालते ती मोकळ्या मालमत्तेवर: रोखे, रोकड, अलीकडे विकत घेतलेलं एखादं घर.

म्हणजे अट घालायचीच असेल तर ती पैशांवर घाला. खरी मजा तिथेच आहे. नायकाकडे किताब आणि तीस खोल्यांचं घर राहतं, छप्पर दुरुस्त करायला पैसे मात्र नाहीत. आणि तो घर विकूही शकत नाही!

नायिकेची अडचण याहून सोपी आणि याहून क्रूर. तिचे पैसे तिला एकविसाव्या वर्षी किंवा पालकाच्या संमतीनं लग्न केल्यावर मिळणार, आणि तो पालक म्हणजे काका त्या पैशांवरच जगतोय. किंवा वडील वारले, घर दूरच्या पुरुष वारसाकडे गेलं, आता कुणाच्या तरी घरी राबणारी नातेवाईक म्हणून राहायचं की कुणाच्या मुलांची शिक्षिका व्हायचं, एवढेच दोन रस्ते. बदनामीची धमकीही चालते, बागेत दोघं एकटे सापडले वगैरे. पण तो रस्ता इतका मळलेला आहे की वाचक तुमच्या आधी पोचतो.

शंका आली की खऱ्या माणसांकडे पाहा. आसईच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेला आर्थर वेल्स्ली तरुणपणी किटी पॅकनहॅमला मागणी घालून बसला होता. कफल्लक म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. तो हिंदुस्थानात आला, १८०३ मध्ये आसई जिंकली, पैसा आणि नाव घेऊन परतला, आणि मधल्या दहाएक वर्षांत तिचं तोंडही न पाहता जुन्या शब्दाला जागून पुन्हा मागणी घातली. १० एप्रिल १८०६ ला डब्लिनमध्ये लग्न झालं. दोघंही पस्तावले. शब्दाची लाज हीसुद्धा एक सोयच असते, आणि ती किती महागात पडते ते इथे दिसतं.

उलट उदाहरण शार्लटच्या मृत्यूनंतरचं. गादीला वैध नातवंडच उरलं नाही म्हटल्यावर रीजंटचे पन्नाशीतले भाऊ घाईघाईनं बोहल्यावर चढले. त्यातला क्लॅरेन्सचा ड्यूक विल्यम, वय ५२, डोरोथिया जॉर्डन या नटीपासून दहा मुलं, डोक्यावर कर्ज. त्याच्यासाठी जर्मनीतल्या छोट्या संस्थानातून आली ॲडलेड, वय २५. भेटीनंतर आठवड्याभरात, ११ जुलै १८१८ ला, क्यू इथे लग्न. आणि हे लग्न चक्क टिकलं, गोड झालं. तिनं त्याच्या मुलांना घरात सामावून घेतलं, त्याच्या खर्चाला लगाम घातला. तिच्या स्वतःच्या मुली मात्र तान्हेपणीच गेल्या. या जोडप्यावर जो कुणी मराठीत नीट लिहील त्याची कादंबरी मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

याद्या करा

आपल्याकडे लग्न ठरताना दोन्हीकडची वडीलधारी बसतात आणि याद्या होतात: कुणी काय द्यायचं, मानपान किती, खर्च कुणाचा. रीजन्सीत हेच काम वकील करत आणि त्या कागदाला सेटलमेंट म्हणत. आपल्या यादीवर सुपारी फुटते, त्यांच्या यादीवर विश्वस्त नेमले जातात. कारण लग्न लागताच बायकोची रोकड, दागिने, रोखे, सगळं कायद्यानं नवऱ्याचं होई. तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. तिचं काही राखायचं असेल तर ते लग्नाआधी विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवायचं. स्त्रीधन हा शब्द ज्याच्या कानावरून गेलाय त्या मराठी वाचकाला हे समजावणं सोपं जातं, आणि इंग्लंडात हे आपोआप मिळत नव्हतं हे ऐकून तो चकितही होतो.

तुमच्या जोडीची यादी खरोखर कागदावर मांडा. माझी कल्पनेतली जोडी घ्या. एडवर्ड, व्हायकाउंट थॉर्नली, वय ३१. हॅरिएट, वय २७, लीड्सच्या कापड व्यापाऱ्याची मुलगी. सैन्याच्या गणवेशांना लागणाऱ्या लोकरी कापडावर वडिलांनी पैसा केलेला. साल अर्थातच १८१६.

थॉर्नलीच्या इस्टेटीचा खंड वर्षाला ४,००० पौंड, तोही कागदावर. ३०,००० चं गहाण, व्याज कायद्यानं जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे १,५०० गेले. विधवा आईला ठरलेले वर्षाला ६००. दोन बहिणींचे प्रत्येकी ५,००० देणं आहे, ते देता येत नाहीत म्हणून त्यांचं व्याज ५००. हातात राहिले १,४००, आणि त्यात कुळांनी थकवलंय. या पैशात मोठं घर, नोकर, घोडे, लंडनचा हंगाम काही बसत नाही. हॅरिएटचा बाप देतोय ४०,०००. त्यातल्या ३०,००० मध्ये गहाण सुटतं, १०,००० मुलांसाठी विश्वस्तांकडे. हॅरिएटला हातखर्चाला वर्षाला ३००, आणि नवरा आधी गेला तर तहहयात ८००. गहाणाचे १,५०० वाचले, तिला ३०० गेले, म्हणजे थॉर्नलीला या लग्नातून वर्षाला १,२०० पौंड निव्वळ सुटतात. नायिकेनं हा आकडा स्वतः काढलेला असला पाहिजे. तिला आपला भाव माहीत आहे, आणि माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पहिल्या भेटीच्या प्रसंगात आणखी काही घालायची गरज नाही.

मग वकिलाच्या कागदाबाहेरच्या अटी, ज्या दोघंच ठरवतात. हॅरिएटच्या चार: घरखर्चाची वही माझ्या हातात राहील. तुम्ही नवं कर्ज काढणार नाही. डिसेंबर-जानेवारी मी लीड्सला वडिलांकडे जाईन. आणि मी बोलावल्याशिवाय माझ्या खोलीचं दार उघडायचं नाही. त्याची एकच: माझ्या मेलेल्या भावाबद्दल विचारायचं नाही. झालं, कादंबरीचा आराखडा तयार. पाच अटी आहेत, पाचही मोडल्या पाहिजेत, आणि प्रत्येक मोडताना कुणाला तरी आधीपेक्षा जास्त काहीतरी मिळालं पाहिजे. मोडायचा क्रम तुम्ही ठरवा. दाराची अट पहिल्यांदा मोडली तर पुढचं सगळं पाणचट होतं, एवढं लक्षात ठेवा.

पैसा येतो कुठून हेही स्वतःला विचारा. ब्रिस्टल किंवा लिव्हरपूलचा बाप असेल तर साखर, आणि साखर म्हणजे गुलाम. व्यापारावर बंदी १८०७ मध्ये आली तरी वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी रीजन्सीभर चालूच होती. नायक दख्खनमधून परतलेला अधिकारी असेल तर त्याच्या खिशात लुटीचा वाटा आहे. १८१७-१८ च्या युद्धातल्या दख्खनच्या लुटीची वाटणी तर पुढे अनेक वर्षं भांडणात अडकली, तेव्हा ‘पैसे येणार आहेत, आले की मी मोकळा’ असं म्हणत बसलेला नायक अगदी खरा वाटेल. इंग्रज लेखक या गोष्टी झाडून बाजूला सारतात. आपण पुण्या-साताऱ्याकडचे लोक, आपल्याला त्या कशा दिसणार नाहीत?

लग्न लावा, पण सकाळी

१७५३ च्या कायद्यानं इंग्लंडातलं लग्न चर्चला बांधून टाकलं होतं. सरकारी नोंदणी कचेरीतलं लग्न हा प्रकारच नव्हता, तो १८३७ पासूनचा. तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची, नाहीतर बिशपचा साधा परवाना काढायचा. वेळ सकाळी आठ ते बाराच्या आत. म्हणून लग्नानंतर न्याहारी. संध्याकाळी, घरात, मनाला येईल तिथे लग्न करायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागे. तो लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्स या कचेरीतून मिळे, आणि बहुतेक उमरावांच्या घरांनाच मिळे. त्यावर दोघांची नावं असत. म्हणजे ‘नायकानं कोटाच्या खिशात कोरा परवाना आठवडाभर बाळगला होता’ हे खोडा.

एकविसाच्या आतल्या मुलीनं पालकाच्या संमतीशिवाय परवान्यावर केलेलं लग्न रद्दबातल. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून हद्द ओलांडून तिथलं ग्रेटना ग्रीन हे गाव गाठायचं, लंडनहून तीनशे मैलांच्या वर. सोयीच्या लग्नाच्या कथेला मात्र ग्रेटना सहसा लागत नाही. इथे सगळे वडीलधारे खूशच असतात.

लग्नविधीत एक जागा सोडू नका. अंगठी घालताना वर म्हणतो: माझी सगळी ऐहिक मालमत्ता मी तुला अर्पण करतो. कायदा बरोब्बर उलटा, त्या क्षणी तिची मालमत्ता त्याची होते. थॉर्नली हे वाक्य उच्चारतो तेव्हा हॅरिएटच्या ओठांचा कोपरा हलतो, आणि ते त्याच्या लक्षात येतं. दोघांमधला हा पहिला विनोद. तो कुणीच बोलून दाखवत नाही.

परतीचा रस्ता बंद

माझी पहिली मालिका इथे फसली. करार असा होता की वर्षभर नवरा-बायको म्हणून राहायचं, एकमेकांना शिवायचं नाही आणि मग ‘लग्न पूर्णच झालं नाही’ म्हणून रद्द करून घ्यायचं. चाळीस भाग झाले, लोक वाचत होते. एका वाचक बाईंनी, त्या वकील होत्या, सभ्य भाषेत लिहिलं की अहो ताई, नुसतं शिवलं नाही म्हणून इंग्लंडातलं लग्न तेव्हा रद्द होत नसे. मी भांडले, मग वाचायला घेतलं. बाई बरोबर होत्या. चर्चच्या कोर्टात नवऱ्याचं नपुंसकत्व सिद्ध करावं लागे. साधारण तीन वर्षं एकत्र राहूनही काही झालं नाही असं दाखवायचं, वर वैद्यकीय तपासणी. कुठला मानी व्हायकाउंट याला तयार होईल? बाकी कारणं म्हणजे अल्पवय, वेड, आधीचं लग्न असली. चाळीस भागांचा पायाच खचला.

घटस्फोट तर संसदेचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. १७०० ते १८५७ एवढ्या काळात असे सव्वातीनशेच्या आसपास झाले, आणि त्यात बायकांनी मिळवलेले फक्त ४. वेगळं राहता येई, पण मुलांवर कायद्यानं हक्क बापाचाच. वेगळं राहण्याचं बायरन कवीचं उदाहरण आहेच: २ जानेवारी १८१५ ला लग्न, त्या डिसेंबरात मुलगी, १८१६ मध्ये फारकतीचा कागद. पुनर्विवाह दोघांनाही नाही.

ही बातमी वाईट वाटते, पण लेखकाला याच्याइतकी मदत दुसरी कुणी करत नाही. परतीचा रस्ता नाही म्हटल्यावर या दोघांना एकमेकांशी जमवून घ्यावंच लागतं, किंवा आयुष्यभर एका टेबलावर परक्यासारखं जेवावं लागतं. ‘वर्षभराचा करार’ हा आजच्या मालिकांमधला माल आहे, तो तिकडेच राहू द्या.

आणि दाराच्या अटीबद्दल एक वेगळं. त्या काळच्या कायद्यात नवऱ्याला नाही म्हणायचा हक्क बायकोला नव्हता. म्हणून नायक तिची अट मान्य करतो तेव्हा तो कायद्यानं मिळालेली गोष्ट आपणहून सोडतोय. हे वाचकाला एकदा, एका ओळीत, कळू द्या. त्यानंतर तो दारावरून नुसता पुढे गेला तरी त्याला अर्थ येतो. नायकानं ‘तिच्या डोळ्यांत होकार वाचला’ वगैरे लिहिलेलं मी सरळ कापते.

एका छपराखाली

इथे लोक बॉलरूमकडे धावतात. आल्मॅक्स या लंडनच्या उच्चभ्रू सभागृहातले बुधवारचे नाच, तिथल्या आश्रयदात्या बायकांचे पास, नवाच आलेला वॉल्ट्झ, सगळं छान आहे, एका प्रकरणापुरतं. लोकरवाल्याच्या मुलीला तो पास मिळणार नाही, एवढा त्याचा उपयोग. प्रेम घरात होतं, आणि आपल्या गोष्टीत तर हिशेबाच्या वहीत होतं.

मेणबत्तीचंच पाहा. आपल्या शब्दात मेण आहे, पण त्या काळी बत्त्या मुख्यतः दोन जातीच्या. मधमाश्यांच्या मेणाची बत्ती स्वच्छ जळते, वास चांगला, आणि महाग. कर वेगळा. चरबीची बत्ती स्वस्त, धुरकट, मटणाच्या जुन्या तव्यासारखा वास, वात सारखी कातरावी लागते. ती नोकरांच्या खोल्यांत. हॅरिएट दोन महिन्यांनी वही तपासते तर मेणाच्या बत्त्यांचा खर्च निम्म्यावर आलाय. तिच्या खोलीत तर रोज मेणाची बत्ती जळते, जेवणघरातही. मग कमी कुठे झालं? तिला आठवतं, सकाळी न्याहारीला तो शेजारी बसला की त्याच्या कोटाच्या बाहीला एक वास येतो. तिच्या बापाच्या जुन्या दुकानात यायचा तोच, बाप गरीब होता तेव्हाचा. थॉर्नली आपल्या अभ्यासिकेत रात्री चरबीच्या उजेडात बसतोय, म्हणजे नवं कर्ज काढायचं नाही ही तिची अट तो पाळतोय, आणि हे तिला सांगितलेलं नाही.

ती वही मिटते. त्याला काही विचारत नाही. एवढंच लिहा आणि प्रकरण संपवा. ‘तिच्या हृदयाची धडधड वाढली’ हे वाक्य सुचेल, ते गिळा.

डिसेंबरची अट मोडते ती अशी: ती लीड्सला निघते आणि तो म्हणतो, मीही येतो. व्यापाऱ्याच्या घरी दुपारी लवकर जेवतात, सासरा पहिलाच विषय लोकरीच्या भावाचा काढतो, आणि तीस खोल्यांचा मालक तिथे अवघडून बसतो. जसं तिला त्याच्या घरी आठ महिने वाटत होतं, तसं. पारडं फिरवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

भावाबद्दलची अट तोच मोडतो, तिनं न विचारता. ते प्रकरण तुमचं तुम्ही लिहा.

तू आणि तुम्ही

इंग्रजी लेखकांना न मिळालेलं हत्यार आपल्याकडे आहे. त्यांच्याकडे एकच ‘यू’, नवऱ्यालाही आणि घोड्यालाही. त्यांना सगळी जवळीक नावावर तोलावी लागते: आधी ‘माय लॉर्ड’, मग ‘थॉर्नली’, आणि कधीतरी ‘एडवर्ड’. त्या वर्गात बायकोही नवऱ्याला बरेचदा किताबाच्या नावानंच हाक मारायची. आपल्याकडे नाव न घेण्याची रीत होतीच, उखाणा त्यातूनच फुलला, तेव्हा नाव पहिल्यांदा तोंडून निघण्याची किंमत मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. पण आपल्याकडे वर आणखी एक शिडी आहे, तुम्हीवरून तूवर येण्याची. या दोन शिड्या एकाच प्रसंगात चढू नका. नाव आधी येऊ द्या, वीस-पंचवीस भाग ‘एडवर्ड, तुम्ही’ असंच चालू द्या. ‘तू’ राखून ठेवा.

‘अहो’ टाळा. तो उच्चारला की लीड्स-लंडन विरघळून सदाशिव पेठ समोर येते.

किताबांत एक चूक सगळे करतात. थॉर्नलीशी लग्न झाल्यावर हॅरिएट होते लेडी थॉर्नली. ‘लेडी हॅरिएट’ नाही, कारण पहिल्या नावाआधी लेडी लागतं ते ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्लच्या मुलीला. बॅरोनेट हा उमराव नव्हे, तो ‘सर’, आणि ‘सर’ पहिल्या नावाला लागतं. ड्यूकला ‘युअर ग्रेस’, ‘माय लॉर्ड’ नाही. एवढं सांभाळलं तरी निम्मे जाणकार वाचक गप्प बसतात.

बाकी शब्दांचं म्हणाल तर मॅनरला वाडा म्हणू नका, बटलरला कारभारी म्हणू नका, इस्टेटीला जहागीर तर नकोच. खंड, गहाण, कूळ, विश्वस्त हे आपले शब्द मात्र चपखल बसतात. संवाद लिहून झाले की मोठ्यानं वाचा. ‘मला भीती वाटते की मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही’ असं वाक्य सापडलं तर ते ‘छे, मला नाही पटत’ करा, उमराव असला म्हणून काय झालं.

शेवट कुठे करायचा

उपसंहारात पाळणा हलवायची घाई नको. ज्या काळात राजाची नात बाळंतपणात गेली, त्या काळातल्या वाचकाला नायिका गरोदर आहे हे ऐकून आधी धडकी भरली असती. पाळणा आणायचाच तर ती भीतीही आणा. गैरसमजाचं प्रकरणही, ते जुनी प्रेयसी वगैरे, टाळता आलं तर टाळा. कर्जबाजारी घराला बाहेरच्या संकटांची वानवा नसते.

माझ्या जोडीचा शेवट मी असा केलाय. मार्चची रात्र, तो अभ्यासिकेत कुळांचे अर्ज वाचतोय. ती दार न वाजवता आत येते. चरबीची बत्ती धुरकटतेय, वात कातरायची राहिलीय. ती आपल्या खोलीतली मेणाची बत्ती घेऊन आलीय, ती त्याच्या टेबलावर ठेवते आणि जुनी चिमटीत धरून विझवते.

“महाग आहे ती,” तो म्हणतो.

“वही माझ्याकडे आहे,” ती म्हणते. “तू वाच.”